स्पेन्सर ली: ५७ किलोचा अमेरिकन पैलवान आणि त्याचे गुडघे

मक्याच्यादेशी

पॅरिसला अमन सेहरावतनं ब्राँझ घेतलं तेव्हा इथं दोन-तीन धागे धावले होते. त्याच ५७ किलो गटात रौप्य घेऊन गेलेल्या पोराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो. इथं त्या पोराचं नाव किराणा दुकानातल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. म्हणून हा धागा.

स्पेन्सर ली. जन्म १९९८, वाढला पेनसिल्व्हेनियात. आईवडील दोघंही ज्युदोवाले. आई मूळची फ्रान्सची, १९९२ च्या ऑलिंपिकसाठी फ्रेंच ज्युदो संघात राखीव होती. घरात असं वातावरण असल्यावर पोरगं मॅटवर जाणार नाही तर कुठं जाणार? २०१४ मध्ये कॅडेट जगज्जेता, २०१५ आणि २०१६ ला ज्युनिअर जगज्जेता. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच तीन जागतिक किताब खिशात.

शाळेतली त्याची कामगिरी १४४ विजय आणि १ पराभव. तो एक पराभव शाळेतल्या शेवटच्या कुस्तीत, हर्शी गावात २०१७ च्या राज्य स्पर्धेच्या फायनलला. गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला एक बंध, आधीच तुटलेला होता, तरी उतरला आणि अगदी शेवटच्या क्षणी गुण देऊन ६-५ नं हरला. हरवणारा ऑस्टिन डीसँटो. गंमत म्हणजे हाच डीसँटो पुढं कॉलेज बदलून आयोवात आला आणि दोघं एकाच संघातून लढले!

आयोवा विद्यापीठात प्रशिक्षक टॉम ब्रँड्स, १९९६ च्या अटलांटाचा सुवर्णविजेता. तिथं ली २०१८, २०१९ आणि २०२१ असा तीनदा राष्ट्रीय कॉलेज विजेता झाला, वजन १२५ पाउंड (साधारण ५७ किलो). मधलं २०२० कोविडनं खाल्लं. त्या वर्षी गडी एकही कुस्ती हरला नव्हता आणि स्पर्धाच रद्द झाली. कॉलेज कुस्तीचा सगळ्यात मोठा मान म्हणजे हॉज ट्रॉफी, ती त्याला त्या वर्षी मिळाली आणि पुढच्या वर्षीही, गेबल स्टीव्हसनबरोबर विभागून.

२०२१ ची फायनल ७-० नं जिंकल्यावर टीव्हीवाल्या बाईनं माइक पुढं केला तेव्हा त्यानं सांगून टाकलं, आठ दिवसांपूर्वी बिग टेनच्या (आयोवाच्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेच्या) फायनलला एसीएल तुटलाय, दुसऱ्या गुडघ्याचाही नाही, सबबी सांगणं दुबळ्यांचं काम. दोन्ही गुडघ्यांत एसीएल नसताना हा माणूस देशातल्या सगळ्या १२५ पाउंडवाल्यांना लोळवून आला होता. टोकियो ऑलिंपिकच्या निवड चाचणीला मात्र त्याला मुकावं लागलं. २०२२ च्या जानेवारीत हंगाम सोडून दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली.

कोविडमुळं खेळाडूंना एक जादा वर्ष मिळालं होतं, म्हणून २०२३ ला चौथ्या किताबासाठी परत आला. आयोवाच्या एवढ्या मोठ्या इतिहासात चार वेळा जिंकलेला पैलवान एकही नाही, त्यामुळं अख्खं राज्य टल्साकडं, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या गावाकडं, डोळे लावून बसलेलं. सेमीफायनलला परड्यूचा मॅट रामोस. सात मिनिटांची कुस्ती, घड्याळात एक सेकंद उरलेला, आणि ली चितपट! सलग ५८ विजयांची माळ तिथं तुटली. कॅमेरा प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईवर गेला. बाईनं डोळ्यावरचा चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी मोडून टाकला. ती क्लिप अजून फिरते. लीनं उरलेल्या कुस्त्या सोडल्या आणि सहावा आला. त्याच शनिवारी कॉर्नेलचा यानी डायकोमिहालिस मात्र चार किताबांचा मानकरी झाला.

पुढचं तुम्हाला अर्धं ठाऊक आहे. २०२४ च्या एप्रिलला निवड चाचणीत थॉमस गिलमनला हरवलं, अमेरिकेला ५७ ची जागाच मिळाली नव्हती म्हणून मे महिन्यात इस्तंबूलला जाऊन ती मिळवली, आणि पॅरिसला सेमीफायनलमध्ये उझबेकिस्तानच्या अब्दुल्लाएवला १४-४ नं उडवलं. फायनलला जपानच्या री हिगुचीकडून २-४.

माझा मुद्दा असा. या पोराच्या तीन सर्वांत गाजलेल्या कुस्त्या तो हरलेला आहे. हर्शी, टल्सा, पॅरिस. आणि तरी १२५ पाउंडांत त्याच्याइतका धाक बसवणारा कॉलेज पैलवान मी पाहिलेला नाही. इथल्या पैलवान मंडळींना काय वाटतं ते वाचायला आवडेल.

निळीछत्री

कुस्तीतलं काहीही कळत नाही, पण त्या आईच्या चष्म्यापाशी थांबलेच. ती स्वतः खेळाडू होती म्हणून तिला जास्त लागलं असेल का? एक बाळबोध प्रश्न: तो हरवतो कसा? म्हणजे नेमकं करतो काय? आणि कॉलेजची कुस्ती ऑलिंपिकपेक्षा वेगळी असते का?

वारणाकाठ

मस्त लिहिलंय राव. आमच्या तालमीतली पोरं याचे व्हिडिओ बघतात, इंग्रजी कळो न कळो.

ताई, सोपं करून सांगतो. आपल्या मातीच्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. गादीवरच्या कुस्तीत, म्हणजे ऑलिंपिकच्या फ्रीस्टाइलमध्ये, गुण असतात. पट काढून मागं जाऊन ताबा घेतला की २. खाली घेतलेल्याला भारंदाज मारून, म्हणजे कमरेला विळखा घालून उलटवून, पाठ दाखवली की २. रिंगणाबाहेर ढकललं की १. दहा गुणांची आघाडी झाली की तिथंच खेळ खल्लास. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव.

आता हा स्पेन्सर. उंचीनं बुटका, पण पकड बघा त्याची! एकदा मनगट हातात गेलं की समोरच्यानं ते विसरायचं. माझ्या नजरेला तरी त्याचं सगळं मनगटावर चालतं. कॉलेजच्या नियमांचं मात्र मक्यावालेच सांगतील, त्यातलं मला सगळं उमगत नाही.

मक्याच्यादेशी

@वारणाकाठ, अगदी बरोबर पकडलंत.

@निळीछत्री, कॉलेजात इथली घरची शैली चालते. पहिला डाव ३ मिनिटांचा, पुढचे दोन दोन-दोन मिनिटांचे. मुख्य फरक असा की तिथं खालच्याला दाबून ठेवण्याला किंमत आहे. तुम्ही प्रतिस्पर्ध्यावर त्याच्यापेक्षा एक मिनिट जास्त ताबा ठेवला तर शेवटी एक गुण मिळतो. खालून सुटून उभं राहिलं तर सुटणाऱ्याला एक गुण. फ्रीस्टाइलमध्ये हे दोन्ही नाही, खाली थोडा वेळ काही घडलं नाही की पंच दोघांना उभं करतो.

लीची खासियत अशी. ताबा घेतला की तो मागून समोरच्याचं मनगट धरतो, तो हात त्याच्याच पोटाखाली ओढून घेतो. हात गेला म्हणजे टेकायला आधार गेला. मग ली आपली कंबर त्याच्या खाली सारतो आणि त्याला एका कुशीवर कलंडवतो. पूर्ण पाठ टेकत नाही, पण तिरकी होते. पंच वाकून हात हलवत मोजायला लागतो, एक, दोन, तीन, चार. चार मोजून झाले की चार गुण. सोडतो, पुन्हा तेच, आणखी चार. कॉलेजात पंधराच्या फरकानं कुस्ती संपते. लीच्या कित्येक कुस्त्या पहिल्या डावातच संपल्या त्या अशा. समोरच्याला ठाऊक असतं काय येणार आहे, आणि तरी काही करता येत नाही.

तोच पैलवान फ्रीस्टाइलमध्ये मनगट सोडून कमरेला विळखा घालतो आणि भारंदाजावर भारंदाज. सेमीफायनलचे १४ गुण उगाच नाही झाले.

हाडवैद्य

या सगळ्यात दोन्ही एसीएल नसणं हा भाग ज्या कौतुकानं सांगितला जातो, त्याला माझा आक्षेप आहे.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला एक बंध. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढं सरकू नये आणि पाय वळताना गुडघा आतल्या आत फिरू नये, हे त्याचं काम. तो तुटला की काही लोकांना चालताना, अगदी पळतानाही फारसं जाणवत नाही, कारण मांडीचे स्नायू गुडघा धरून ठेवतात. लीसारख्या दणकट खेळाडूत हे शक्य आहे, त्यात चमत्कार काही नाही. पण अशा सैल गुडघ्यावर खेळत राहिलं की गादीचं काम करणारी कूर्चा फाटते. ती फाटली की पस्तिशी-चाळिशीत सांधेदुखी दारात उभी. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने तरी द्यावे लागतात.

माझ्याकडं कबड्डी आणि कुस्तीची पोरं येतात. "डॉक्टर, यात्रेचं मैदान आहे, एक इंजेक्शन मारा." नाही म्हटलं की दुसरीकडं जातात. त्यांच्या मोबाइलमध्ये असलेच व्हिडिओ असतात. "सबबी दुबळे सांगतात" हे वाक्य टाळ्या घ्यायला झकास आहे, पण ते बोलणाऱ्याच्या मागं अख्ख्या विद्यापीठाची वैद्यकीय टीम उभी होती. आपल्या पोराच्या मागं कोण आहे?

फडफड

अहो डॉक्टर, त्यानं ऐकलं असतं तर २०२१ चा किताब दुसऱ्या कुणाच्या घरी गेला असता. गुडघा त्याचा, निर्णय त्याचा.

हाडवैद्य

गुडघा त्याचा हे मान्य. बावीस वर्षांच्या मुलाला आठ दिवसांत, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर असताना, निर्णय घ्यायला लावणारी व्यवस्था कुणाची? आणि हेही बघा की त्यानंतर टोकियो गेलं, २०२२ चा हंगाम गेला. एका किताबाची किंमत काय पडली ते मोजा.

आकडेमोड

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. टोकियोची निवड चाचणी त्या कॉलेज स्पर्धेनंतर दोनच आठवड्यांनी होती. एसीएल बिग टेनच्या फायनलला आधीच तुटला होता, त्यामुळं त्यानं कॉलेज स्पर्धा सोडली असती तरी टोकियो मिळणार नव्हतंच. म्हणजे टोकियोचा हिशेब त्या किताबाच्या खात्यावर मांडता येत नाही. २०२२ बद्दल डॉक्टरांशी सहमत.

आणखी एक नोंद. आयोवाचा दबदबा ज्यांनी उभा केला ते डॅन गेबल शाळा-कॉलेज मिळून १८१ कुस्त्या जिंकले आणि एकच हरले, तीही १९७० ची शेवटची. हरवणारा लॅरी ओविंग्ज. पुढं १९७२ च्या म्युनिकला त्याच गेबलनं एकही गुण न देता सुवर्ण घेतलं. प्रशिक्षक म्हणून आयोवाला १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं. त्यामुळं लीची हर्शीतली हार झाली तेव्हा तिथल्या लोकांना गेबल आठवले असणार. मात्र गेबलना पुढं म्युनिक मिळालं, लीला पॅरिसला दोन गुण कमी पडले.

कोयनेचीलेक

धागा वाचतेय. वजनाबद्दल कुणी बोललं नाही अजून. पॅरिसचा ५७ किलो गट म्हणजे वजनाच्या छळाची गोष्ट होती. हिगुचीनं रिओला रौप्य घेतलेलं, आणि २०२१ च्या पात्रता स्पर्धेत काटा फक्त ५० ग्रॅम पुढं गेला म्हणून बाद झाला. विनेश १०० ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा सगळ्या जगातून तिला "तुझं दुःख मला सर्वांत जास्त कळतं" असं सांगणारा हाच. अमननं तर सेमीफायनल हरल्यानंतर रात्रभरात ४.६ किलो उतरवले आणि सकाळी वजन देऊन प्यूर्टो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ हरवलं. रात्रभर म्हणजे गरम पाण्याचा टब, ट्रेडमिल, सौना. त्याच अमनला २०२५ ला जागतिक स्पर्धेत वजन १.७ किलो जास्त भरलं म्हणून एकही कुस्ती न खेळता परतावं लागलं.

कॉलेजातही असंच चालतं का?

मक्याच्यादेशी

@कोयनेचीलेक, फार महत्त्वाचा प्रश्न. पूर्वी याहून वाईट चालायचं. १९९७ च्या हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या साधारण पाच आठवड्यांत, तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतले तीन पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून गरम खोलीत सायकल मारणं, पाणी बंद, असले प्रकार. त्यानंतर नियम बदलले. सौना आणि रबरी सूट बंद. हंगामाच्या सुरुवातीला लघवी तपासून शरीरात पाणी पुरेसं आहे ना ते बघतात, चरबी मोजतात आणि या पोरानं अमुक वजनाखाली जायचं नाही असं ठरवून टाकतात. द्वंद्वाच्या जेमतेम तासभर आधी वजन घ्यायला लागले, म्हणजे काट्यावरून उतरून सलाइन लावून भरून घ्यायला वेळच नको.

आणि बहुतेक सगळे गट सात पाउंडांनी वर सरकवले. सगळ्यात खालचा गट ११८ चा होता, तो १२५ झाला. स्पेन्सर ली ज्या १२५ पाउंडांत तीनदा जिंकला, तो आकडाच त्या तीन मृत्यूंनंतर आलेला आहे.

पोरं अजूनही उपाशी राहतात, खोटं कशाला बोलू. पण कुणी जीव जाईस्तोवर घाम गाळत नाही.

वारणाकाठ

५७ किलो म्हटलं की आम्हाला एकच नाव आठवतं. खाशाबा! १९५२, हेलसिंकी, बँटमवेट, वजन ५७ किलो, ब्राँझ. आणि कॉलेजचा पैलवान म्हणाल तर खाशाबाही कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचाच पोरगा. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार दिले. १९४८ च्या लंडनला खाशाबांना गादीची सवय नव्हती, तेव्हा तयारी करून घेतली रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन पैलवानानं. सहावा नंबर आला होता तेव्हा.

हे लोक विसरतात. आपली कुस्ती आणि अमेरिकेची कुस्ती एकमेकांना अनोळखी नाही.

आकडेमोड

+१. त्यात भर घाला: पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ घेतलं, ते अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ हरवून. हा ग्राफ विस्कॉन्सिन विद्यापीठाचा, २०१४ चा राष्ट्रीय कॉलेज उपविजेता. फायनलला त्याला हरवणारा टोनी रामोस आयोवाचा! म्हणजे इथल्या तालमीत घडलेला गडी त्या व्यवस्थेतल्या पैलवानाला सहज भारी पडू शकतो.

फडफड

मग आपल्याला त्यांच्याकडून शिकायचं काय उरलं? 😄

मक्याच्यादेशी

@फडफड, राहुल आवारे एक. त्याच्यामागं किती?

मला सगळ्यात हेवा वाटतो तो गर्दीचा. आयोवाची घरची लढत असली की कार्व्हर-हॉकआय एरिनात पंधरा हजारांच्या आसपास लोक, तेही तिकीट काढून. २०१५ ला फुटबॉलच्या मैदानात मॅट टाकून ओक्लाहोमा स्टेटशी लढत ठेवली होती, ४२,२८७ लोक आले. उघड्यावर, नोव्हेंबरात! माझ्या शेजारी एक शेतकरी आजोबा बसतात. गडी पाय धरायला वाकायच्या आधीच ते "आता डावा पाय" म्हणतात आणि तसंच होतं.

दुसरं म्हणजे शिक्षण. ली पदवीधर आहे. कॉलेज संपलं तरी विद्यापीठाला जोडलेला क्लब असतो. हॉकआय रेसलिंग क्लब त्याचं नाव. त्यात मानधन मिळतं, तेच प्रशिक्षक, तोच मॅट. २५ व्या वर्षी ऑलिंपिक खेळणारा ली कुठंही उपरा झाला नाही.

वारणाकाठ

गर्दीचं मनावर घेऊ नका, आमच्याकडं यात्रेच्या मैदानाला माळावर माणूस मावत नाही. शिक्षणाचं मात्र खरं आहे, तिथं आमची मान खाली जाते. दहावीनंतर तालमीत आलेलं पोरगं. सकाळी चारला उठून जोर-बैठका, खुराकाला महिन्याकाठी बापाचा घाम निघतो. तिशीत खांदा गेला की हातात काय? पोलिसात किंवा रेल्वेत लागला तर ठीक, नाहीतर राजकारण्याच्या मागं मोटारसायकलवर.

हाडवैद्य

हेच म्हणतोय मी. त्याचे दोन गुडघे दुरुस्त करणारी व्यवस्था आधी आणा, मग त्याच्या जिद्दीचे व्हिडिओ दाखवा.

निळीछत्री

हाडवैद्यांशी सहमत, तरी मला राहून राहून एक वाटतं. टल्साला एक सेकंद उरला असताना चितपट झाल्यावर हा माणूस परत उभा कसा राहिला? अवघ्या दीड वर्षात ऑलिंपिकच्या फायनलपर्यंत?

आणि इस्तंबूलबद्दल अजून सांगा ना. अमनही तिथूनच गेला होता ना?

मक्याच्यादेशी

हो, त्याच स्पर्धेतून. अमननं उत्तर कोरियाच्या हान चोंग सोंगला १२-२ हरवून जागा मिळवली, लीनं त्याच गटात आपली. पॅरिसला जायचं शेवटचं दार होतं ते, ते चुकलं की चार वर्षं थांबा. तीन महिन्यांनी त्यातले दोघंही गळ्यात पदक घालून उभे होते.

टल्सानंतर कसा उठला म्हणाल, तर मला यात फ्रीस्टाइलचाच हात दिसतो. कॉलेजात तो एका आकड्यामागं धावत होता, चार किताब. राज्यभराचं ओझं. तो आकडा एकदाचा हातचा गेला आणि समोर नुसती कुस्ती उरली. निवड चाचणी तर पेन स्टेटच्या घरच्या मैदानावर होती. पेन स्टेट म्हणजे आयोवाचा हाडवैरी. समोर गिलमन, जो एकेकाळी आयोवाचाच होता आणि मग पेन स्टेटच्या क्लबात गेला. टोकियोचा ब्राँझविजेता, २०२१ चा जगज्जेता. त्याला तिथं सलग दोन कुस्त्यांत हरवणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

फडफड

हे बरंय, दुश्मनाच्या वाड्यात जाऊन भाऊबंदाला चीत करणं. एवढं तर आमच्या गावच्या भावकीतही होत नाही.

आकडेमोड

@मक्याच्यादेशी, "ओझं उतरलं म्हणून जिंकला" ही मनोविश्लेषणाची फोडणी मला मानवत नाही. साधं कारण बघा: दोन्ही गुडघे दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली होती. शाळेतून बाहेर पडल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्या स्पर्धेला धड पायांवर उतरला असेल.

हाडवैद्य

@आकडेमोड, सापडलात! हाच माझा मुद्दा.

वारणाकाठ

एक विचारायचं होतं, मक्यावाले. काल पोरांना तो मनगट ओढून कलंडवायचा डाव दाखवला. दोन पोरांनी करूनही बघितला, जमला. आता तालमीत वाद लागलाय की गादीवरच्या जिल्हा निवडीला हा चालेल का? वस्ताद म्हणतात, हा कॉलेजचा खेळ, पंच गुण देणार नाही.

मक्याच्यादेशी

बिनधास्त चालेल. समोरच्याची पाठ ९० अंशांच्या आत मॅटकडं वळली की फ्रीस्टाइलमध्ये २ गुण, ती कशी वळवली याला महत्त्व नाही. फक्त तिथं चार मोजेपर्यंत धरून ठेवायची गरज नाही, त्याचा जादा गुणही नाही. पाठ दिसली की पुढचा डाव. पोरांना सांगा, मनगटावर थांबू नका, तिथूनच हात कमरेला घाला. आणि पंच खाली फार वेळ देत नाही, त्यामुळं पकड बसायला दहा सेकंद लागत असतील तर आधी ती गती वाढवा.

वारणाकाठ

झकास. वस्तादांना हे वाचून दाखवतो. ऐकतील असं नाही.